पंचवीसपैकी चार

शेवटचा पेपर देऊन उचापतराव घरी आले, चपला दारातच भिरकावल्या, सोफ्यावर आडवे झाले आणि त्यांनी जाहीर केलं, "या घरात जोखीम हा शब्द पुन्हा कोणी काढला तर मी घर सोडून जाईन."

"कधी?" बायकोनं आतून विचारलं. आवाजात जरा जास्तच आशा होती.

उचापतराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव बायकोलासुद्धा बँकेत गेल्यावरच आठवतं. रंगाच्या डब्यांचं गोदाम सांभाळणारा, पन्नाशी ओलांडलेला हा माणूस. देवानं चेहरा दिला गंभीर, आणि त्या चेहऱ्याचा यानं आयुष्यभर गैरवापर केला. नवीन मॅनेजर आला तेव्हा यांनी झेरॉक्स मशीनवर चिठ्ठी डकवली, 'हे यंत्र आता आवाजावर चालते. स्पष्ट बोला.' बिचारा मॅनेजर आठवडाभर त्या मशीनपुढे वाकून बोलत होता. "दोन प्रती. दोन. प्लीज." खरं काय ते कळलं त्या दिवशी त्यानं उचापतरावांना केबिनमध्ये बोलावलं, बसायला खुर्ची दिली आणि गोड आवाजात सांगितलं, "कंपनी तुम्हाला पुढच्या शिक्षणाला पाठवतेय. जोखीम व्यवस्थापन. संध्याकाळचं कॉलेज. आपल्या गोदामातली सगळ्यात मोठी जोखीम तुम्हीच आहात, तेव्हा विषय ओळखीचा वाटेल."

इतका सुबक अपमान झाला की उचापतरावांना रागही येईना. उलट थोडं कौतुकच वाटलं. पोरगं शिकतंय म्हणायचं.

पहिल्या संध्याकाळी ते शेवटच्या बाकावर जाऊन बसले. आजूबाजूला सगळी विशी-पंचविशीतली मुलं. एकानं त्यांना शिपाई समजून पंखा लावायला सांगितला. त्यांनी तो लावला, वर "अजून काही, साहेब?" असंही विचारलं. तेवढ्यात दार उघडलं आणि आत आली त्यांची स्वतःची लेक.

आता लेक कुठलंसं शिक्षण घेतेय हे त्यांना माहीत होतं. पण कुठलं, हे विचारायचं राहून गेलं होतं. बापाचं असं राहून जातं. लेक दारातच थबकली. तिचा चेहरा बघून उचापतरावांना आयुष्यात पहिल्यांदा समजलं की चेष्टा न करताही आपण एखाद्याचा दिवस घालवू शकतो.

सुट्टीत तिनं त्यांना जिन्याखाली गाठलं.

"बाबा, हे बघ. इथे तू माझा कोणी नाहीस."

"मान्य."

"मी तुला काका म्हणणार. अहो-जाहो करणार. तू ओळख दाखवायची नाहीस, डोळा मारायचा नाही, आणि माझ्या लहानपणीचं काहीही, काहीही सांगायचं नाही."

"तो बादलीत अडकल्याचा किस्सासुद्धा..."

"बाबा!"

"बरं. काका."

आडनाव एकच असल्याचं शिकवणाऱ्या मॅडमच्या लक्षात आलं होतं. उचापतराव गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "हे आडनाव फार पसरलंय मॅडम." विषय तिथेच मिटला.

अभ्यास तसा अवघड नव्हता. जोखमीचं काय करायचं, याचे चार मार्ग. टाळा, कमी करा, दुसऱ्याच्या गळ्यात मारा, नाहीतर गपगुमान सोसा. उचापतरावांना वाटलं, एवढ्यासाठी पुस्तक कशाला? आपण तीन आत्यांच्या घरात वाढलोय, हे आपल्याला दुधाच्या दातांपासून येतं. पण पुढे आला तो तक्ता. कुठलाही धोका घ्या. तो घडण्याची शक्यता किती, याला एक ते पाच आकडा द्या. घडला तर नुकसान किती, यालाही एक ते पाच. दोघांचा गुणाकार करा. पंचवीस आला तर पळत सुटा, चार आला तर खुशाल झोपा. इतकं साधं. इतकं साधं असल्यामुळेच पुढचं सगळं घडलं.

मॅडमनी प्रकल्पासाठी जोड्या लावल्या. एक अनुभवी, एक नवीन. गुण दोघांना मिळून एकच. आणि उचापतरावांच्या वाट्याला कोण आली ते सांगायची गरज नाही. मॅडम निर्मळ मनानं म्हणाल्या, "आडनाव एकच आहे, तुमचं जमेल."

त्या दिवशी घरी लेक जेवलीच नाही. नंतर म्हणाली, "बाबा, एका कंपनीनं मला घेतलंय. पण या सेमिस्टरला पहिला वर्ग मिळाला तरच. आणि प्रकल्पाला निम्मे गुण आहेत." थांबून तिनं विचारलं, "हे एकच सेमिस्टर तू सरळ वागशील?"

उचापतराव म्हणाले, "वागेन." मनापासून म्हणाले. पण मन एक म्हणतं आणि ओठांचा उजवा कोपरा दुसरंच काहीतरी करतो, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

प्रकल्पासाठी त्यांनी आपलीच इमारत निवडली. चार मजली, प्रत्येक मजल्यावर दोन घरं. लेक वही घेऊन घरोघर फिरली, मागे टेप धरायला उचापतराव. तळमजल्यावर निवृत्त हेडमास्तर. त्यांच्या घरात प्रत्येक वस्तू जागच्या जागी, भिंतीवर आग विझवायचं नळकांडं, वाळूच्या बादल्या, गॅसची नळी बदलल्याची तारीख खडूनं लिहिलेली. शक्यता दोन, नुकसान दोन. चार. सगळ्यात वर वकील. गॅलरीत लोंबणाऱ्या वायरी, हिटरला टेकून वर्तमानपत्रांचा डोंगर, त्यावर इस्त्री. शक्यता चार, नुकसान पाच. वीस. मधल्या मजल्यावर दातांची डॉक्टरीण. तिचे नऊ.

"हे आकडे आपल्यातच राहू देत," लेक म्हणाली आणि अहवाल लिहायला मैत्रिणीकडे मुक्कामाला गेली.

बायको बाजारात गेलेली, उचापतराव घरात एकटे, समोर आकडे, आणि ड्रॉवरमध्ये गोदामातून आणलेले चिकट कागद. लाल, पिवळे आणि हिरवे. आता कुणी म्हणेल, का केलं? तर उत्तर नाही. माणसाच्या पाठीला खाज सुटते तेव्हा तो कारण शोधत बसत नाही. त्यांना फक्त बघायचं होतं, लोक काय म्हणतात. संध्याकाळी त्यांनी प्रत्येक दारावर एकेक कागद चिकटवला. हेडमास्तरांच्या दारावर हिरवा चौकोन, '२५ पैकी ४'.

सकाळी बेल वाजली. दारात हेडमास्तर. हातात तो हिरवा कागद, कडेनं जपून सोललेला.

"हे काय आहे?"

"चार, सर. अभिनंदन!"

"अभिनंदन? पंचवीसपैकी चार गुण मला आयुष्यात कुणी दिलेले नाहीत. मी दिलेत. लोकांना. त्यातले आज कोण कुठे आहेत, मला माहीत आहे."

"अहो सर, यात कमी म्हणजे चांगलं."

"नापास पोराच्या बापाला मी हेच सांगायचो. आकड्यावर जाऊ नका, मूल गुणी आहे."

अजून दोन मिनिटं नीट समजावलं असतं तर सगळं निभावलं असतं. पण त्याच क्षणी वकील जिना उतरत आले, शीळ घालत. "वीस मिळाले हो आम्हाला! आणि खरं सांगतो, तयारी काहीच नव्हती." हेडमास्तरांच्या मानेची शीर उडायला लागली. आणि उचापतरावांच्या ओठांचा उजवा कोपरा हलला.

"सर," ते फार हळुवारपणे म्हणाले, "वकिलांकडे एकदा नजर टाकून या ना."

बस. एवढंच वाक्य. दंड होण्यासारखं त्यात काही नव्हतं.

अडचण अशी की हेडमास्तर त्या इमारतीचे सेक्रेटरीही होते, आणि मॅडमना पाहणीला यायचं तर कॉलेजला सेक्रेटरीचं परवानगीपत्र लागत होतं. उचापतराव ते मागायला गेले. हेडमास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"पंधराच्या खाली सही नाही."

"सर, हे गुण असे वाढवता येत नाहीत."

"मला फुकटचे नकोत. मी कष्ट करीन."

आणि त्यांनी केले. वकिलांच्या घरी दोनदा पाहणी करून आले. वकिलांनी काही सांगितलं नाही, म्हणाले, "ज्याचा त्यानं अभ्यास करावा." हेडमास्तरांनी नळकांडं भिंतीवरून उतरवून पलंगाखाली ढकललं. वाळू कुंड्यांत ओतली. घरभर वायरी सोडल्या, त्याही फूटपट्टीनं मोजून, सारख्या अंतरावर. आणि चाळीस वर्षं जपून ठेवलेले जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आणून विजेच्या मीटरांखाली रचले. मग उचापतरावांना बोलावलं. उचापतरावांनी तक्ता लावून बघितला. काय करता? सोळा येत होते. अगदी कायदेशीर सोळा.

हेडमास्तरांनी सही केली, शिक्का मारला आणि लाल कागद दारावर स्वतः चिकटवला. चारही कोपरे दाबून.

मग इमारतीला कोण आवरणार? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नऊ म्हणजे मी जेमतेम काठावर पास! माझ्या पेशंटनी बघितलं तर?" त्यांनी कठड्यावर कुंड्या मांडल्या, एक धक्का लागला की रस्त्यावर जातील अशा. कुणी जिन्यात गाद्या टाकल्या, कुणी कपाट आडवं लावलं. एका आजीबाईंनी तर उचापतरावांना आत बोलावून सरबत दिलं आणि कुजबुजल्या, "मी गॅसची नळी जरा सैल करू का रे? दोनेक गुण वाढतील?"

तिथे मात्र उचापतराव ताडकन उठले. हसू कुठल्या कुठे पळालं. "आजी, नळीला हात लावायचा नाही," ते इतक्या जोरात ओरडले की आजीबाईंनी सरबताचा पेला परत घेतला.

त्याच दुपारी लेक घरी आली. गादीवरून घसरली, कपाटाला धडकली आणि दारात उभी राहिली.

"बाबा. काय केलंस?"

त्यांनी सांगितलं. आधी हसत हसत सांगायला घेतलं, मग हसणं कमी कमी होत गेलं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खुर्चीत बसली, वही उघडली, आकड्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "मॅडम उद्या येतायत."

संध्याकाळभर उचापतराव दारोदार फिरले. "सगळं आवरा, मी चेष्टा केली, कमी म्हणजे चांगलं." डॉक्टरीणबाई हसल्या. "गेल्या वेळी टाकी धुणारेत म्हणून सांगितलंत, आम्ही घरातली भांडी न् भांडी भरून ठेवली. आता नाही हं फसायची." वकील म्हणाले, "हेडमास्तर सोळावर आले म्हणून माझे वीस पाडायला निघालात? हरकत नोंदवतो." ते हात हलवत परत आले तेव्हा बायको म्हणाली, "अहो, तुम्ही खरं बोलताना फार खोटे दिसता."

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. लहानखुऱ्या, सपाट चपला, हातात अहवाल. मीटरांपाशी थांबल्या.

"तळमजला, जोखीम नगण्य," त्यांनी वाचलं, आणि उत्तरपत्रिकांच्या डोंगराकडे बघितलं.

हेडमास्तरांनी हसतमुखानं दार उघडलं. "या मॅडम. सध्या सोळा आहेत. पण अजून वाव आहे."

मॅडम जिना चढायला लागल्या. गादी ओलांडली, कपाटाला वळसा घातला, कुंड्यांखालून जाताना डोक्यावर अहवाल धरला. खाली आल्यावर विचारलं, "हे कागद दारांवर कुणी लावले?"

लेकीनं तोंड उघडलं. पण उचापतराव आधी बोलले. "मी लावले. ती इथे नव्हती. तिचा यात काडीचा संबंध नाही. मला शून्य द्या हवं तर."

"गुण दोघांना एकच असतात, काका," मॅडम म्हणाल्या.

"मग माझं नाव काढून टाका. मी वर्गातच नव्हतो म्हणा. मी पंखा लावायला येतो, असं म्हणा..."

"बाबा, तू गप्प बस जरा!"

मॅडमनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "बाबा?"

लेकीचे कान लाल झाले, पण ती मागे हटली नाही. "हो मॅडम. बाबा आहेत. आणि अहवाल खोटा नाही. आम्ही मोजलं तेव्हा वकिलांचं घर सोडलं तर इमारत ठीक होती. आकडे दारावर लागले आणि लोक धोका बघायचं सोडून आकडा बघायला लागले. आमच्या मोजण्यानंच जोखीम वाढली."

"हे अहवालात आहे?"

"नाही. कालच कळलं."

"लिहा मग." मॅडमनी घड्याळाकडे बघितलं. "पण नुसतं कळून काय उपयोग? व्यवस्थापन हा शब्दही विषयाच्या नावात आहे. मी कोपऱ्यावर चहा घेऊन येते. परत येईन तेव्हा इमारत आहे तशी दिसली, तर दोघांनी पुढच्या वर्षी भेटा."

मॅडम गेल्या. उचापतराव हेडमास्तरांपुढे उभे राहिले. जन्मभर ज्याच्या जोरावर खाल्लं, तो गंभीर चेहरा आता काही कामाचा नव्हता.

"सर, हे गठ्ठे आत घ्या."

"नवीन युक्ती का?"

"नाही सर. पोरीची नोकरी अडकलीय यात. माझ्या..." त्यांची हनुवटी थरथरायला लागली. ती आवरायला त्यांनी खोकल्यासारखं केलं, ते साधलं नाही, मग नाक ओढलं. भर जिन्यात, शेजाऱ्यांदेखत, एका नामांकित उचापत्याची अब्रू गेली.

हेडमास्तरांनी त्यांचा चेहरा निरखला. खोटं रडणारी पोरं त्यांनी ढीगभर पाहिली होती. त्यांनी हळूच दारावरचा लाल कागद सोलला, घडी करून खिशात घातला आणि पहिला गठ्ठा स्वतः उचलला. मग वळून असा आवाज लावला की चौथ्या मजल्यावरची कबुतरं उडाली.

"सगळे खाली या! एका रांगेत! गाद्या आधी, कपाट नंतर! बाई, त्या कुंड्या उतरवा! वकील, तुमच्या वयाकडे बघून अंगठे धरायला लावत नाही, रद्दी उचला!"

आणि इमारत उठली. वीसवाले, नऊवाले, सगळे एका रांगेत गाद्या वाहायला लागले. कुणाला काही पटलं होतं असं नाही. पण त्या आवाजापुढे पटायची गरजच पडत नव्हती. आजीबाईंच्या गॅसची नळी उचापतरावांनी दोनदा तपासली, मग लेकीकडून एकदा तपासून घेतली.

मॅडम परत आल्या तेव्हा जिना लख्ख मोकळा होता आणि हेडमास्तर घामेजून दारात हाताची घडी घालून उभे होते. मॅडमनी त्यांचं घर बघितलं, नळकांडं जागेवर आहे ना ते पाहिलं, वहीत काही लिहिलं.

"किती?" हेडमास्तरांनी विचारलं.

"चार."

त्यांचा हात खिशातल्या लाल कागदाकडे गेला.

"म्हणजे या इमारतीतलं सगळ्यात सुरक्षित घर तुमचं," मॅडम म्हणाल्या.

हेडमास्तरांनी चष्मा सारखा केला. "एवढं वाक्य जरा मोठ्यानं म्हणाल का? वकील वरच्या मजल्यावर राहतात."

लेकीनं शेवटचं प्रकरण पुन्हा लिहिलं. मॅडमनी अहवाल घेतला, पण गुणांबद्दल अवाक्षर काढलं नाही. पेपर झाले. म्हणूनच त्या दिवशी सोफ्यावर आडवे झालेले उचापतराव सुटल्यासारखे दिसत होते तरी सुटलेले नव्हते. निकाल लागेपर्यंत त्यांनी गोदामात एकही खोडी काढली नाही. मॅनेजर घाबरला, त्यानं दोनदा तब्येतीची चौकशी केली.

निकाल लागला तो रविवारी. लेक फोन घेऊन खिडकीशी उभी. उचापतराव पेपर उलटा धरून वाचत होते.

"पहिला वर्ग," ती म्हणाली. मग दुसऱ्यांदा, स्वतःलाच ऐकवल्यासारखं, "बाबा, पहिला वर्ग. थोडक्यात, पण मिळाला. तूही पास झालास. काठावर."

"छान," उचापतराव म्हणाले. पेपरची नीट घडी केली. "मी जरा आंघोळ करून येतो."

"सकाळी केलीस की!"

पण ते तोपर्यंत बाथरूममध्ये शिरले होते. कडी लागली आणि नळ धो धो वाहायला लागला. बराच वेळ वाहत राहिला. लेकीनं आईकडे पाहिलं. आईनं हात पुसले, उठली आणि दारावर टकटक केली.

"अहो, पोरगी पेढ्यासारखी गोड हसतेय इथे, बघायला या. आणि रडून झालं असेल तर नळ बंद करा, टाकीतलं पाणी संपेल."